गेना विचारून खायचा

दोन पुरुष भांडत होते आणि भांडणात चहा होता, एवढंच मला त्या दिवशी कळलं.

मी डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी चौथऱ्यावर, सांडगे घालत होते. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, ऊन म्हणजे जावईच. वर्षातून थोडे दिवस येणार, तेवढ्यात त्याच्याकडून काय ते करून घ्यायचं. म्हणून जुलै उजाडला की मी सुनेच्या जुन्या चादरी डेकवर अंथरते आणि वर्षाचं वाळवण उरकून टाकते. आमचं घर शेजारच्या घराला चिकटलेलं. दोन्ही डेकही चिकटलेले, मध्ये फक्त लाकडी फळ्यांचा आडोसा. पलीकडे नीना नावाची रशियन बाई राहते. तिचा धाकटा भाऊ नुकताच तिच्याकडे कायमचा राहायला आला होता, आणि त्याच्याकडे आलेल्या पाहुण्याशी त्याचं जुंपलं होतं.

बोलणं सगळं रशियनमध्ये. पण भांडण कळायला भाषा कशाला लागते? कोण मागतंय आणि कोण देत नाहीये, एवढं आवाजावरून समजतं. पाहुणा मागत होता. नीनाचा भाऊ देत नव्हता. आणि दर दोन वाक्यांमागे 'चाय, चाय'. हे लोकही चहाला चायच म्हणतात, ते मला तिथेच कळलं. म्हटलं, चहावरून आमच्याकडे रुसवेफुगवे होतात, वरात अडते, पण खुर्ची कुणी आपटत नाही. इथे खुर्ची आपटली. मग दार आपटलं. मग गाडी निघून गेल्याचा आवाज.

थोड्या वेळाने तो बाहेर येऊन पायरीवर बसला. एवढा मोठा गडी, बैलासारखी मान, आणि डोकं दोन्ही हातांत धरून बसलेला. त्याने मान वर केली तर फळ्यांवरून मी बघतेय, कोपरापर्यंत डाळीचं पीठ. आता बघितलंच आहे तर काहीतरी बोलायला हवं. नातीने, वैदेहीने शिकवलेले चार शब्द होते गाठीला. मी विचारलं, "टी?"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या.

चहा केला, ट्रेमध्ये ठेवला, पुढच्या दाराने वळसा घालून घेऊन गेले. त्याने कपात वाकून बघितलं आणि विचारलं, "यात काय आहे?"

मला असा राग आला! माझं माहेर रहिमतपूरचं. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईने हातात दिलेल्या कपात काय आहे असं विचारणं म्हणजे तिने विष कालवलंय म्हणण्यासारखं. पण त्याचा चेहरा तसा नव्हता. शाळेतलं पोर पाढा म्हणायला उभं राहतं, तसा होता. मग मी बोटांवर मोजून सांगितलं: चहा, दूध, साखर. आल्याला इंग्रजीत काय म्हणतात ते येईना, तर परत घरी जाऊन आल्याचा गड्डाच आणून दाखवला. त्याने तो हुंगला, मान हलवली आणि चहा प्यायला. मग कप स्वतः विसळून ट्रेमध्ये पालथा घातला.

हा गेना. पूर्ण नाव मोठं लांबलचक, ते सरकारी माणसांनाच उच्चारता यायचं. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तो गेला. झोपेतच. बावन्नाव्या वर्षी जायचं वय असतं का? डॉक्टर म्हणाले हृदय. नीना म्हणाली, तरुणपणी त्याला काय काय पाजलं देव जाणे. मी त्याच्या आवडीची भाकरी केली आणि तिच्याकडे नेऊन ठेवली. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी दरवर्षी माझ्याकडे पाककृती मागतात, यंदा मी म्हटलं, पाककृती नको, गेनाचं लिहिते. तशी त्यात पाककृतीही येईलच.

त्याचं माझं जमलं ते इंग्रजीमुळे. म्हणजे दोघांचंही सारखंच मोडकं, म्हणून. आमच्या घरात सगळे फाडफाड बोलतात, त्यांच्यापुढे माझी जीभ अडते. गेनापुढे अडायची नाही. तो एक शब्द टाकायचा, मी एक टाकायची, उरलेलं हातांनी. वैदेहीने त्याला 'आजी' म्हणायला शिकवलं. तो वैदेहीच्याच शाळेची पिवळी बस चालवायचा. सकाळी एक फेरी, दुपारी एक. मधल्या वेळात माझ्याकडे यायचा आणि डाळी निवडायला बसायचा. त्याच्या बोटांत शेंगदाणासुद्धा तांदळाएवढा दिसायचा, पण खडा एक सुटायचा नाही.

डाळी निवडता निवडता त्याने मला त्याची गाडी सांगितली. बर्फाची गाडी, बॉबस्लेड म्हणतात. डोंगरावर बर्फाची वाकडीतिकडी पन्हाळ करायची, आणि त्यातून लोखंडी पट्ट्यांवरची एक होडी खाली सोडायची. चार गडी ती ढकलत पळतात, वेग आला की एकामागून एक उड्या मारून आत बसतात आणि मग देवावर हवाला. पुढचा दोऱ्या ओढून वळवतो. शेवटचा ब्रेक ओढतो, पण खाली पोचल्यावर. गेना शेवटचा.

"मग तुला वाटेत काय दिसायचं?" मी विचारलं.

"काही नाही. डोकं खाली. वारा लागू नये म्हणून सगळ्यांनी डोकं गुडघ्यांत घालायचं. फक्त पुढचा बघतो."

"म्हणजे इतके डोंगर उतरलास आणि एकही बघितला नाहीस?"

"अर्कादीची पाठसुद्धा नाही. मध्ये आणखी दोन पाठी."

अर्कादी म्हणजे पुढे बसून होडी वळवणारा. आणि भांडायला आलेला पाहुणाही तोच. दोघं एका गावचे, एका खोलीत वाढल्यासारखे.

भांडणाचं त्याने पुष्कळ दिवसांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी फक्त म्हटलं होतं, चहावरून खुर्ची आपटणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली. तर झालं होतं असं, की सरावाच्या छावणीत त्यांचा डॉक्टर रोज संध्याकाळी थर्मास घेऊन यायचा. सगळ्यांना एकेक पेला चहा. कडू लागायचा. पण प्यायलं की दुसऱ्या दिवशी पाय दुखायचे नाहीत, होडी हलकी वाटायची. त्या वर्षी मोठ्या स्पर्धेत त्यांना पदक मिळालं. गावात मिरवणूक निघाली, आईने शेजारणीला बोलावून बोलावून दाखवलं. मग काही वर्षांनी कुणीतरी जपून ठेवलेल्या लघवीच्या बाटल्या उघडल्या. पदक परत घेतलं, खेळायला बंदी घातली, आणि शेजारणी आईच्या दारासमोरून माना वळवून जायला लागल्या. बंदी उठेपर्यंत पळायचं वय सरलं होतं. बहिणीने बोलावलं, हा इकडे आला.

अर्कादी अमेरिकेत आला तो एवढ्यासाठी, की पुन्हा सुनावणी होती. दोघांनी मिळून सांगायचं: चहात काय आहे ते आम्हाला माहीत नव्हतं. पदक कदाचित परत मिळेल, नाव तरी धुऊन निघेल.

"मग सांगायचं की! माहीत नव्हतं ना?"

गेनाने डाळीतला एक खडा काढला आणि बराच वेळ बोटांत धरून ठेवला. "माहीत नव्हतं असं नाही, आजी. मी विचारलं नाही. डोकं खाली घातलं. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर पिता आला नसता. म्हणून विचारलं नाही."

त्या दिवसापासून अर्कादीने त्याच्याशी बोलणं टाकलं. गेना दर नव्या वर्षाला त्याला फोन लावायचा. फोन वाजत राहायचा. आणि आमच्या घरी बिस्किटाचा पुडा फोडला तरी हा विचारायचा, यात काय आहे?

आता खरं सांगते, मला त्याची सवयच लागली. एवढी वर्षं रांधतेय, पण यात काय घातलं असं मला घरात कुणी विचारलं नाही. केदारला, माझ्या मुलाला, जेवताना फोन लागतो. सून आसावरी बिचारी ऑफिसातून दमून येते, म्हणते, "आई, मस्त झालंय," आणि ताट उचलते. हा एकटा विचारायचा, ऐकायचा, हुंगायचा आणि मग खायचा. थालीपिठातली सगळी धान्यं त्याला पाठ झाली.

पहिल्या दिवाळीला मी त्याच्यापुढे अनारसे ठेवले. त्याने प्रश्न विचारला. तांदूळ, गूळ, तूप, असं मी सांगत गेले. "आणि वर?" वर खसखस. तिला इंग्रजीत काय म्हणतात ते वैदेहीने सांगितलं, आणि गेनाने उचललेला अनारसा असा खाली ठेवला जसा काही विंचू होता. मग त्यानेच समजावून सांगितलं. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. खाल्लं तर माणसाला काही होत नाही, पण लघवीत अफू दिसू शकते. आणि इथे शाळेच्या बसवाल्यांना कुठल्याही सकाळी बोलावतात आणि हातात पेला देतात, तपासायला.

"पेला माझ्या मागे मागे इथपर्यंत आला," तो म्हणाला आणि हसला.

त्याला जगात एकच भीती होती. पुन्हा एकदा कागदावर त्याच्या नावापुढे ते येईल. तसं झालं तर बस जाईल. पण बसचं त्याला एवढं नव्हतं. त्याची आई तोवर जिवंत होती, तिकडे गावी. तिला तो दर रविवारी सांगायचा, मी आता पुढे बसतो, सगळा रस्ता मला दिसतो, आणि मागची पोरं मला नावाने हाक मारतात. ते जाईल, ही भीती.

त्या वर्षीपासून मी त्याच्यासाठी वेगळे, बिनखसखशीचे अनारसे तळायला लागले. बिनखसखशीचा अनारसा म्हणजे बिनमिशीचा फौजदार. पण तो आवडीने खायचा.

आणि मग झालं ते माझ्या घरी नाही झालं, मंडळात झालं. दिवाळीचा कार्यक्रम रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये होता. टेबलं-खुर्च्या लावायला गेना आला होता. दरवर्षीच यायचा, एका वेळी चार-चार टेबलं उचलायचा. सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणलेला. शुभाने भरली वांगी आणली होती. शुभा म्हणजे मंडळातली आमची साताऱ्याची शुभा, साठी उलटली तरी मसाला घरी कांडणारी. गेना तिच्या पातेल्यापुढे ताट घेऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं. मी शेजारीच होते.

"वांगी! शेंगदाणे, गूळ, चिंच, आणि मसाला," शुभा म्हणाली. "होममेड हं! विकतचा नाही. घ्या, भाऊ, घ्या!"

तो घ्यायला लागला. एकदा घेतली, परत घेतली, मग उरलेला रस्सा पोळीने पुसून खाल्ला. शुभा तर हवेतच होती. सोमवारी सकाळी त्याला डेपोत बोलावलं आणि हातात पेला दिला.

गुरुवारी तो डाळी निवडायला आला नाही. शुक्रवारीही नाही. दुपारी वैदेही घरी आली ती सांगत, "आजी, गेना वॉज नॉट ऑन द बस." तेवढ्यात नीना दारात. ती हुंदके देत बोलत होती आणि वैदेही मला सांगत होती. तपासणीत अफू निघाली. तपासणीच्या डॉक्टरने गेनाला फोन केला, काय खाल्लंत, काही कारण आहे का? गेना म्हणाला, कारण नाही. डेपोतून कुणी काही म्हणायच्या आधी स्वतःच जाऊन किल्ली ठेवून आला. आणि आता गॅरेजमध्ये बसलाय.

मी गेले. तो उलट्या बादलीवर बसला होता, डोकं खाली.

"काय खाल्लंस ते सांगितलं का नाहीस?"

"सगळे हेच सांगतात, आजी. सूप होतं. चहा होता. भावाचं औषध होतं. मी ऐकलंय सगळं. 'मला माहीत नव्हतं.' ते वाक्य मी अर्कादीला म्हणू दिलं नाही. आता मी म्हणू?"

मी परत आले आणि शुभाला फोन लावला.

"शुभा, तुझ्या मसाल्यात काय काय असतं गं?"

"का हो वहिनी? खवट लागला का?"

"नाही गं. सांग तर."

"धने, जिरे, मिरच्या, तीळ, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर..."

"आणि?"

"आणि काय? मीठ."

"शुभा. खसखस?"

"अहो ती असतेच की! ती काय सांगायची? आणि वांग्यात मी वरून वेगळी वाटून घालते मूठभर. दाटपणा येतो त्याशिवाय?"

बघा. ती काय सांगायची. मसाल्यात काय आहे ते आपण कुणीच कुणाला सांगत नाही. मसाला म्हटलं की झालं. साताऱ्यात हे चालतं. मी तिला गेनाचं सांगितलं, तर पलीकडून, "अगंबाई! म्हणजे मी त्याला ड्रग्ज दिले? अहो ऐकलंत का! वकील बघा कुणीतरी!" तिचे यजमान अनिल मागून विचारत होते, कुणाला काय दिलंस? अर्ध्या तासात दोघं गाडी घेऊन दारात. शुभाच्या हातात मसाल्याची बरणी, आणि डोळे रडून लाल.

आम्ही सगळे गॅरेजमध्ये गेलो. शुभाने बरणी गेनाच्या पुढ्यात ठेवली आणि हात जोडले. तो उठून उभा राहिला, तिलाच समजवायला लागला. "नो, नो, वेरी गुड वांगी."

मग मी बोलले. इंग्रजीत बोलायचं ते मराठीतच बोलले, वैदेही सांगत गेली. म्हटलं, "गेना, त्या वेळी तू विचारलं नव्हतंस. तू स्वतः सांगितलंस मला. पण या वेळी तू विचारलंस. माझ्या कानांदेखत. मी शेजारी उभी होते. न विचारणारा आणि विचारणारा, दोघांना एकाच दावणीला का बांधतोस? खोटं नको बोलूस. खरं ते बोल की, बाबा."

"काय बोलू?"

"मी विचारलं होतं. हे बोल."

गॅरेजमध्ये मसाल्याचा वास सुटला होता, कारण शुभाने बरणीचं झाकण उघडून नीनाला हुंगायला दिलं होतं, आणि नीना रडता रडता शिंकत होती. त्या शिंकेवर गेनाला हसू आलं. मग त्याने खिशातून फोन काढला.

डॉक्टरांशी तो फार थोडं बोलला. "मी विचारलं होतं. ते म्हणाले, मसाला. मसाल्यात काय आहे ते मी विचारलं नाही. ते मला आता कळलं." डॉक्टरांनी त्याला बोलावून तपासलं, हात बघितले, डोळे बघितले, वांग्यांची सगळी हकिकत ऐकून घेतली. दगडफूल म्हणजे काय हेही विचारलं म्हणे. त्यांना कुठे काही वावगं दिसलं नाही. नाव कागदावर चढलं नाही. पुढच्या आठवड्यात वैदेही घरी आली ती ओरडतच, "ही इज बॅक!"

त्यानंतर त्याचा प्रश्न लांबला, एवढंच. "यात काय आहे?" आणि सांगून झालं की, "आणि मसाल्यात?" मंडळात पोरं त्याला बघितलं की आधीच ओरडायची, "गेनाअंकल, मसाल्यात!" शुभा तर त्याला पातेल्यापुढे उभं करून सगळं म्हणून दाखवायची, आरती म्हणावी तसं. त्याच्यासाठीचा मसाला वेगळा, छोट्या बरणीत. आणि पुढच्या नव्या वर्षाला अर्कादीचा फोन वाजत राहिला नाही. उचलला. काय बोलले ते मला माहीत नाही. फळ्यांपलीकडून ऐकू आलं, पण मला त्यातलं एक 'चाय' तेवढं कळलं, आणि खुर्ची काही आपटली नाही. गेना गेल्यावर अर्कादी आला होता. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसला होता, ताठ मानेने, समोर बघत. त्याची सवयच तशी.

मला रोजच्या वस्तू आणून द्यायचं काम गेनाचं होतं. केदार-आसावरीला वेळ नसतो असं नाही, पण ते सगळं फोनवर मागवतात, आणि फोनवर वास येत नाही. गेना दुपारच्या फेरीआधी इंडियन ग्रोसरीत जायचा, पुडे हुंगायचा, मागची बारीक अक्षरं वाचायचा. गेल्या वर्षी दिवाळी जवळ आली तशी त्याने शेवटची वस्तू आणून दिली ती खसखस. दरवर्षी तोच आणायचा. ज्याला चालत नाही त्यानेच आणायची, याची त्याला गंमत वाटायची. पुडा हातात नाही धरायचा. पिशवी दोन बोटांत, हात लांब करून, मेलेला उंदीर शेपटीने धरून आणावा तसा. आला, ओट्यावर ठेवली.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"अफू," तो म्हणाला. आणि हात साबणाने धुतले.

मी चहा ठेवला. त्याने कपात बघितलं.

"यात काय आहे, आजी?"

"चहा, दूध, साखर, आलं."

"वेलची?"

"संपली."

त्याने मान हलवली, बसून चहा प्यायला, कप विसळला, ट्रेमध्ये पालथा घातला आणि पोरांना आणायला गेला.